भरपाई दहा मिनिटांच्या पायवाटेवर हवी

(वसंत व्याख्यानमाला, वाशी : पुष्प तिसरे)



पत्रिकेत विषय छापलाय ‘नवी घरे आणि हिरवे शहर’. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची, कल्पना मांडली, १९७० साली ती वसवायला सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ साली त्या जमिनींसाठीच्या जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. घरं वाढली म्हणून जी मोकळी जागा द्यायची, ती त्या घरातल्या नातवाला आणि आजीला दहा मिनिटांत पायी गाठता आली पाहिजे. नाही आली, तर ती भरपाई नव्हे.

खारघरचं सेंट्रल पार्क सुंदर आहे. सुमारे ८० हेक्टर, पाठीशी डोंगर. पण घणसोलीच्या पोराला तिथं पोचायला लोकल पकडावी लागते. (श्रोत्यांतून : “पुढं रिक्षापण!”) बरोबर, पुढं रिक्षापण. (हशा) आठ वर्षांच्या मुलाला कुणी असं एकटं सोडेल का? मग शहराच्या हिशेबात ते ८० हेक्टर त्याच्या नावावर कशाला मांडायचे?

मागून आवाज आला, “मग घरं बांधायचीच नाहीत का?” बांधा की! खांदेश्वर आणि मानसरोवर स्टेशनांजवळ, इथं वाशीच्या ट्रक टर्मिनलवर सिडकोचे मनोरे उभे राहिले. लॉटरीत घर लागलेल्यांनी त्यासाठी कितीतरी वर्षं वाट पाहिली आहे. मी त्यांच्याविरुद्ध बोलतोय असं कृपा करून समजू नका. उलट त्यांच्याच मुलांसाठी मैदान मागतोय. स्टेशनला चिकटून घर असलं की बाबा गाडी पकडतात, पण पोरगं संध्याकाळी कुठं जाणार, हेही त्याच नकाशात दिसायला हवं.

मोकळी जमीन दिसली की आपल्याला ती रिकामी वाटते. इथल्या होल्डिंग पाँडचंच बघा. हे शहर खाजणावर वसलं. आधी इथं भातखाचरं होती, मिठागरं होती. आगरी-कोळी माणसं बांध घालून भरतीचं पाणी अडवत आणि ओहोटीला उघाडीतून शेतातलं पाणी बाहेर सोडत. सिडकोच्या अभियंत्यांनी हॉलंडच्या धर्तीवर तेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं. सगळी जमीन भरतीच्या रेषेवर उचलायची तर भरावाचा खर्च अफाट. म्हणून पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात, म्हणजे या होल्डिंग पाँडमध्ये, साठवायचं. भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानं झडपा आपोआप मिटतात, ओहोटीला तलावातलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. भर जुलैत, मोठ्या भरतीला मुसळधार पाऊस आला, तर आपल्या तळमजल्यांत पाणी शिरू नये म्हणून हीच मोकळी जागा राबत असते. आज हे तलाव गाळानं भरलेत, गाळात तिवरं वाढलीत. तिवरांना न्यायालयाचं संरक्षण आहे, ते असायलाच हवं, आणि त्यामुळं गाळ काढणं सोपं राहिलेलं नाही. नेरूळला ‘ज्वेल’ उद्यानाच्या तळ्याभोवती आपण रोज फेऱ्या मारतो. माझं म्हणणं आहे की प्रत्येक नोडमधल्या, म्हणजे शहराच्या प्रत्येक उपनगरातल्या, अशा पाण्याला काठाकाठानं पायवाट द्या, सावलीची झाडं द्या, आणि आतल्या पाण्याला हात लावू नका. पूर आवरेल, नातू आणि आजीही येतील. यावर अजून बरंच बोलता येईल, पण...

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. घणसोली राहिली, ती सोडून चालणार नाही.

घणसोलीत २० एकर जमीन सरकारी क्रीडासंकुलासाठी होती. त्यातला भाग घरबांधणीसाठी खासगी विकासकाला दिला गेला आणि २०२१ साली संकुल माणगाव तालुक्यात नानोऱ्याला न्यायचं ठरलं. म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर! भरपाई कागदावर पूर्ण होती. वास्तुविशारदांच्या संस्थेची नवी मुंबई शाखा न्यायालयात गेली. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयानं हा निर्णय रद्द केला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. माणगावच्या मुलांना त्यांचं संकुल मिळावं, जरूर मिळावं. पण ते घणसोलीच्या मुलांचं मैदान होऊ शकत नाही.

दोनच मिनिटं. या सभागृहात पुनर्विकासाच्या बैठकांना जाणारे पुष्कळ जण असतील. विकासक पोडियमवरची बाग दाखवेल, कारंज्यासकट. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका प्रकरणात सांगितलं आहे की नियमानं बंधनकारक असलेली किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नाही. वड, पिंपळ, कडुनिंबाला खोल माती लागते, स्लॅबवर ते मोठे होत नाहीत. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी मंजुरीचा नकाशा मागा. मोकळी जागा खऱ्या मातीवर आहे का, ते बघा. मग शेजारच्या सार्वजनिक मैदानाचं फाटक शोधा आणि तुमच्या दारापासून तिथवर आजीला सोबत घेऊन चालत जा. दहा मिनिटांपेक्षा जास्त लागली, तर ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा, आणि त्याची एक प्रत महापालिकेच्या नगररचना विभागात देऊन पोच घ्या.