सातपुड्यातील वर्ग आणि श्राव्य पाठ

पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरून उतरवून घेता येणारी, भागाभागांनी प्रसिद्ध होणारी ध्वनिमालिका. आकाशवाणीच्या शालेय कार्यक्रमाहून तिचे वेगळेपण एवढेच, की ती ठरल्या वेळी ऐकावी लागत नाही, हवी तेथे थांबवता येते आणि पुन्हा लावता येते. हे वेगळेपण किरकोळ वाटले, तरी 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, विशेषतः अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील डोंगरी पाड्यांवर, त्याचे मोल मोठे आहे, कारण धडगावला किंवा मोलगीच्या बाजारी, जेथे रेंज मिळते तेथे, उतरवलेली फाइल मेमरी कार्डावरून पाड्यावर नेता येते आणि रेंज नसलेल्या वर्गातही वाजते.

तथापि फाइल वाजवली म्हणजे पाठ झाला, असे होत नाही. निकाराग्वात 1970च्या दशकात रेडिओवरून गणित शिकवताना प्रत्येक प्रश्नानंतर मुद्दाम अवधी सोडला जाई आणि मुले त्या अवधीत मोठ्याने उत्तर देत. या पद्धतीस संवादी रेडिओ-अध्यापन म्हणतात, आणि पॉडकास्टच्या बाबतीत तो अवधी शिक्षकाला स्वतःच निर्माण करता येतो. शाळांना साहित्य पुरवण्याचा उत्साह सर्वत्र दिसतो. ते थांबत थांबत ऐकण्यासाठी तासिका राखून ठेवण्याचा मात्र क्वचितच.

खरा प्रश्न भाषेचा आहे. घरी पावरी, भिली किंवा नवापूरकडे मावची बोलणारे मूल पहिलीत प्रमाण मराठीतील पुस्तकासमोर बसते, तेव्हा पुण्या-मुंबईत ध्वनिमुद्रित झालेला पाठ त्याच्यासाठी त्या पुस्तकाइतकाच परका असतो. म्हणून या जिल्ह्यात पॉडकास्टचा अधिक फलदायी उपयोग ऐकवण्यापेक्षा तो मुलांकडून करवून घेण्यात आहे. सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका महाराष्ट्रातील 33 गावांना बसला आणि त्यांतील अनेक कुटुंबे तळोदा व शहादा तालुक्यांतील वसाहतींत आली. तेथील विद्यार्थ्याने आजीला नदीकाठच्या शेताविषयी, मासेमारीविषयी तिच्याच भाषेत प्रश्न विचारून ते बोलणे ध्वनिमुद्रित केले, त्यातील वाक्ये देवनागरीत उतरवली आणि मग मराठीत निवेदन लिहिले, तर भाषा, इतिहास आणि भूगोल हे तिन्ही विषय एकाच कामात येतात. पावरीचा एखादा ध्वनी देवनागरीत कसा लिहावा, यावर वर्गात वाद झाला, तर तो वादही भाषेच्या अभ्यासाचाच भाग ठरतो.

येथे एक मर्यादा शिक्षकाने आरंभीच स्पष्ट करावी. इंदलसारख्या पूजाविधीत गायले जाणारे गायन प्रसंगाशी बांधलेले असते, आणि ध्वनिमुद्रणास संमती देणारे वडीलधारे ते इंटरनेटवर प्रसिद्ध करण्यास संमती देतीलच असे नाही. त्यामुळे दोन्ही परवानग्या वेगवेगळ्या मागाव्यात, आणि दुसरी न मिळाल्यास तो भाग शाळेच्या संग्रहातच ठेवावा.