आफ्रिकेंतील बुलबुल

बुलबुल म्हटला कीं लाल बुडाचा, शेंडीचा पक्षी आपल्या डोळ्यांपुढें येतो. आफ्रिकेंतील सामान्य बुलबुल त्याचाच भाऊबंद. पण मळकट तपकिरी, काळसर डोक्याचा, दिसावयास अगदींच साधा. त्याची ओळख शेपटीखालीं पाहून पटवावी. देफाँतेन या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८९ सालीं ज्याचें वर्णन केलें, त्या उत्तरेकडील बुलबुलाचीं तेथील पिसें पांढरीं असतात. पूर्वेस व दक्षिणेस तीं पिवळीं. मग जाति एक कीं अनेक? पंडितांत अद्याप एकमत नाहीं. मधल्या प्रदेशांत दोहोंच्या मधल्या छटेचे पक्षी भेटतात. म्हणून मला तरी एकच जाति मानणें बरें वाटतें.

दक्षिण आफ्रिकेंत मात्र ही खूण फसते, कारण तेथील काळ्या डोक्याचे तिन्ही बुलबुल पिवळ्या बुडाचे! तेथें डोळ्याभोंवतालचें कडें पाहावें: केप बुलबुलाचें पांढरें, कोरड्या पश्चिमेकडील बुलबुलाचें लाल, आणि या सामान्य बुलबुलाचें काळें.

नांवावर विसंबूं नये. आपल्या अंगणांतील लालबुड्याला लिनियसनें १७६६ सालीं केपचा रहिवासी समजून ‘कॅफर’ हें नांव दिलें. तो केपचा मुळींच नव्हे. तरी नामकरणाच्या नियमाप्रमाणें पहिलें नांव पुसतां येत नाहीं, आणि शास्त्रीय ग्रंथांत तें आजही तसेंच छापलें जातें.