डहाणू-तलासरी : भूमीचा विनियोग आणि आपली जबाबदारी

(पंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



डहाणू शहराला एका बाजूस समुद्र व खाडी आहे, मधून लोहमार्ग गेला आहे आणि भोवती चिकूच्या वाड्या आहेत. स्थानकाच्या परिसरातील जागा घरांनी व दुकानांनी बहुतांशी व्यापली आहे. मग वाढत्या वस्तीला जागा कोठून द्यावयाची? वाड्या व आदिवासींची भातखाचरे घेऊन, की पूर्वी बांधलेल्या जागेचाच पुनर्विकास करून?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर कायद्याने दिले आहे. केंद्र शासनाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेद्वारे डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला. विद्यमान भूवापरावर आधारित योजना राज्य शासनाने तयार करावी, फळबागा, हरित क्षेत्रे व आदिवासी क्षेत्रे यांचा वापर बदलू नये आणि उद्योगांना तालुक्यात ५०० एकरांहून अधिक जमीन असू नये, असे तीत नमूद आहे. तालुक्याभोवतीचा २५ किलोमीटरांचा पट्टा उद्योगमुक्त ठेवण्याची तरतूदही मूळ अधिसूचनेत होती. शेजारच्या तलासरीचा संबंध तेथून येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर नेमलेल्या संरक्षण प्राधिकरणाचे अध्यक्षपद न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळले.

या बंधनांमुळे रोजगार अडतो, ही तरुणांची तक्रार दुर्लक्षिण्याजोगी नाही. पण वाड्यांतूनही शेकडो हातांना काम मिळते. २०१६ मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन लाभले. वाडी एकदा तोडली की तो रोजगार परत येत नाही.

आता जमिनीवरील ताण वाढणार आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा त्यास तीव्र विरोध आहे. बंदराच्या पाठोपाठ गोदामे, रस्ते व घरे यांची मागणी येते आणि तिची झळ तलासरीपर्यंत पोहोचते.

म्हणून नवी जमीन मागण्यापूर्वी शहराने आपल्या जुन्या इमारती, पडीक गोदामे व रिकामे भूखंड यांची नोंद करावी. पुनर्विकासातही सावधगिरी हवी. मजले वाढले की पाणी व सांडपाणी यांचा भार वाढतो. तो आधी मोजला पाहिजे. जुन्या भाडेकरूंना त्याच ठिकाणी आसरा मिळाला, तरच त्या पुनर्विकासास अर्थ आहे.

विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचना मागविल्या जातात. मुदत संपल्यावर केलेली तक्रार सहसा वाया जाते. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभा किंवा पंचायत यांच्याशी विचारविनिमय करणे १९९६ च्या पेसा कायद्याने आवश्यक केले आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीस सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून हस्तांतरित होऊ शकत नाही. हे अधिकार कागदावर आहेत. ते वापरावयाचे तर नकाशा वाचता आला पाहिजे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्यांनी विद्यार्थ्यांकडून आपल्या गावाचा भूवापर नकाशा काढून घ्यावा. ओढा, वाडी, भातखाचर, गुरचरण व गावठाण सात-बाराशी ताडून त्यावर दाखवावे. तो नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लागला, तर उद्या कोणी जमीन मागावयास आला असता गावकऱ्यांना आपण काय देत आहोत, हे आधी कळेल.