हिब्रू स्तोत्र आणि मराठी प्रवचनकार



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आमचे गुरुजी आठवडाभर आम्हांला मराठी शिकवीत आणि रविवारी भोपाळमधील मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या घरगुती उपासनेत प्रवचन करीत. मी त्या धर्माचा नव्हे. परंतु पुढे मी प्राध्यापक झाल्यावर ते आपली टिपणे भाषेच्या निमित्ताने मला वाचून दाखवीत, आणि त्यातून हिब्रू काव्याशी माझा परिचय झाला. आजचा विषय त्या ऋणापोटी निवडला आहे.

बायबलमधील स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत. त्यांची रचना यमकावर नव्हे, तर अर्थाच्या जोडीवर उभी आहे. चरणाच्या पूर्वार्धात आलेला आशय उत्तरार्धात निराळ्या शब्दांनी पुन्हा येतो. रॉबर्ट लाउथ यांनी ऑक्सफर्डमधील आपल्या व्याख्यानांत हे तत्त्व मांडले. ती व्याख्याने १७५३ मध्ये लॅटिनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मात्र उत्तरार्ध हा नुसता प्रतिध्वनी नसतो. पुष्कळदा तो अर्थाला धार आणतो, एक पाऊल पुढे नेतो. घाईतला प्रवचनकार दोन्ही अर्धांचे मिळून एक सुविचार बनवतो, आणि ते पाऊल हरवते. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावे लागले नसते!

या धर्मग्रंथाच्या निरूपणाची मराठी परंपरा जुनी आहे. मूळच्या कोकणातील बेने इस्राएल समाजाने १८८० च्या सुमारास मुंबईत हिब्रू धर्मग्रंथातील कथांवर मराठी कीर्तने सुरू केली. ख्रिस्ती समाजात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी कीर्तन आपलेसे केले. पूर्वरंगात वचनाचे निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, ही घडण गुरुजींच्या प्रवचनातही होती.

पंडिता रमाबाई संस्कृतच्या गाढ्या विदुषी. पण केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल आणले ते साध्या मराठीत. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. साधेपणाचा हा आग्रह केवळ वाचकांच्या सोयीचा नव्हता असे मला वाटते. ‘नेफेश’ हा एकच हिब्रू शब्द घ्या. त्याचा मूळ अर्थ गळा. त्यावरून श्वास, जीव, तहान, आणि ‘मी’ स्वतः. त्याचे भाषांतर सहजपणे ‘आत्मा’ असे केले जाते. आता ६९ व्या स्तोत्रात बुडणारा माणूस म्हणतो की पाणी नेफेशपर्यंत चढले आहे. गीतेतल्या आत्म्याला तर पाणी भिजवूही शकत नाही! ‘आत्मा’ म्हणताच बुडणारा माणूस बुडेनासा होतो. आपल्या भाषेत मात्र संकट गळ्याशी येते आणि प्राणही कंठाशी येतात. गळा आणि जीव यांचे हिब्रूतले नाते मराठी बोलीत आयते उभे आहे. ते सापडावयास शब्दकोशापेक्षा कान अधिक हवा.

प्राण कंठाशी येणे म्हणजे काय, हे या शहराला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री कळले. त्यानंतर गुरुजींचे प्रवचन होते २३ डिसेंबरला, नाताळाच्या आदल्या रविवारी. त्यांनी ८८ वे स्तोत्र निवडले.

बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी विश्वासाकडे किंवा स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही. त्याचा अखेरचा शब्द ‘अंधार’ असा आहे. ओळखीची माणसे आणि अंधार हे शब्द क्रियापदाविना शेजारी ठेवले आहेत. ‘आहे’ गाळून बोलणे मराठीलाही जमते, म्हणून तो शब्द आपल्याकडेही शेवटी राहू शकतो. आदल्या संध्याकाळी मी गुरुजींना म्हटले होते, “उपसंहार नाही. लोक सांत्वनासाठी येतील.” आम्हांला निबंध त्यांनीच शिकविला होता, उपसंहाराविना गुण कापीत. त्यांनी माझ्यादेखत चार ओळी लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्तोत्र वाचले. पूर्वरंग झाला. उत्तररंगात आख्यान आले नाही. त्या खोलीत ते सर्वांना ठाऊक होते. देवाला जाब विचारणारी ही वाणी धर्मग्रंथातून काढून टाकली गेली नाही, ती प्रार्थना म्हणूनच जपली गेली, एवढे सांगून ते खाली बसले. काही मंडळी नाराज झाली. मीही झालो, आणि ती नाराजी मी पुष्कळ वर्षे बाळगली. एका वृद्ध बाईंनी मात्र त्यांच्याजवळ जाऊन ते स्तोत्र कितवे, एवढेच विचारले आणि आकडा कागदावर लिहून घेतला.

त्या प्रवचनाचे टिपण पुढे गुरुजींच्या कुटुंबीयांनी माझ्या स्वाधीन केले. शेवटच्या पानावर माझ्या सांगण्यावरून लिहिलेल्या चार ओळी आहेत. त्यांवर काट मारलेली आहे.