कंटेनर वाढवण्याआधी



परीक्षेचा अर्ज भरताना ‘पुढे’ हे बटण दाबलं जात नाही, तेव्हा माणूस स्वतःलाच दोष देतो. पुष्कळदा ते पान त्याच्या ब्राउझरवर कुणी उघडूनच पाहिलेलं नसतं. क्रोमचं इंजिन ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. एकावर चाललं म्हणून दुसऱ्यावर चालेलच, असं नाही; म्हणून पान प्रत्येक ब्राउझरवर तपासावं लागतं.

ही तपासणी यंत्राकडे सोपवण्याचं सेलेनियम हे साधन २००४ साली जेसन हगिन्स यांनी शिकागोत, थॉटवर्क्समध्ये काम करताना सुरू केलं. पुढे त्यात ब्राउझरला थेट आज्ञा देणाऱ्या, सायमन स्टुअर्ट यांच्या वेबड्रायव्हरची भर पडली आणि २०१८ मध्ये वेबड्रायव्हर हे वेबचं अधिकृत मानक झालं.

आता वेळेचा हिशेब. समजा, ६०० चाचण्या आहेत आणि प्रत्येकीला अर्धा मिनिट लागतो. एका ब्राउझरवर पाच तास जातील; तीस ब्राउझरांवर वाटल्या, तर साधारण दहा मिनिटं. ही वाटणी सेलेनियम ग्रिड करतं. मागणी ४४४४ या पोर्टवर येते, रांगेत लागते आणि मोकळ्या नोडकडे जाते. या मांडणीत प्रत्येक नोड म्हणजे क्लाउडवरचा एक डॉकर कंटेनर, ब्राउझर ठेवलेला एक स्वतंत्र कप्पा. चाचणी संपली की तो मोडायचा, पुढचीला कोरा द्यायचा. गर्दी असेल तेवढेच कंटेनर उभे करायचे, म्हणजे भाडंही तेवढंच.

इथे दोन गोष्टी हमखास नडतात. डॉकर कंटेनरला शेअर्ड मेमरी मुळात ६४ एमबीच देतो. क्रोमला ती पुरत नाही, टॅब कोसळतो आणि आळ चाचणीवर येतो. ती दोन जीबी करून द्या. दुसरी गोष्ट, चाचणीने शेवटी ब्राउझरचं सेशन बंद केलं नाही, तर ग्रिड ती जागा ३०० सेकंद अडवून ठेवतं आणि मागची रांग खोळंबते.

पण खरी अडचण चाचण्यांच्या लिखाणात असते. दोन चाचण्या एकाच खात्याने लॉगिन करतात. एक खरेदीची यादी रिकामी करते, त्याच क्षणी दुसरी त्या यादीतली वस्तू शोधते. एकामागून एक चालवल्या तेव्हा दोन्ही पास होत्या. म्हणून प्रत्येक चाचणीला स्वतःचं खातं आणि स्वतःचा डेटा हवा.

मराठी संकेतस्थळांसाठी एक खास सूचना. कंटेनरमध्ये देवनागरी फाँट नसेल, तर पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते चौकोन येतात. तरीही चाचणी पास होते, कारण यंत्र पानाच्या रचनेतला मजकूर वाचतं, पडदा पाहत नाही. फाँट बसवा आणि स्क्रीनशॉट डोळ्यांनी पाहा. सफारी तर ॲपलच्याच उपकरणांवर चालते, लिनक्स कंटेनरमध्ये नाही. तिच्या तपासणीसाठी खरा मॅक लागतोच. त्याशिवाय ‘सर्व ब्राउझरांवर तपासलं’ असं लिहू नका.

माझं सांगणं एवढंच, की कंटेनर वाढवण्याआधी प्रत्येक चाचणीचं खातं वेगळं करा आणि चाचण्यांचा क्रम उलटा करून बघा. तरीही सगळ्या पास झाल्या, तर खुशाल तीस कंटेनर उभे करा. नाही झाल्या, तर आधी चाचण्या दुरुस्त करा. एकमेकींवर अवलंबून असलेल्या चाचण्या क्लाउडवर नेल्या, तर फक्त चुकीचे निकाल लवकर हाती येतील.