ओळखीचा माणूस आणि संसाराचा सल्ला



नवराबायकोचे बिनसले म्हणजे मध्यस्थ शोधावयाचा, ही चाल आपल्याकडे नवी नाही. मुलीचा मामा, आळीतील एखादे वडीलधारे गृहस्थ, नाही तर घरोब्याचे वकील यांच्यापुढे बैठक बसते. चहा होतो, मुलीला चार उपदेशाच्या गोष्टी सांगण्यात येतात, आणि सारे मिटले असे सर्वांनी समजावयाचे. मुलीला काय म्हणावयाचे होते, हे पुष्कळदा कोणी विचारीतच नाही. आता तालुक्याच्या गावीही कोठे कोठे विवाह-समुपदेशकाची पाटी दिसू लागली आहे, ही गोष्ट आम्हांस इष्ट वाटते. परंतु तेथेही आपण जुन्याच सवयीने जातो. पहिला प्रश्न हाच, की 'कोणी ओळखीचे आहे का?'

आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. पुण्यामुंबईस समुपदेशक रस्त्यात भेटण्याचा संभव थोडा. लहान गावात तीच बाई आपल्या मुलाच्या शाळेत शिकविते, नणंदेच्या भिशीत असते आणि संक्रांतीला हळदीकुंकवास घरीही येते. तिने एक अक्षर बाहेर काढले नाही, तरी तिच्यापुढे बसलेल्या सुनेच्या तोंडून शब्द फुटणे कठीण. शिवाय तिचेही सासूविषयी वीस वर्षांचे मत असतेच! हा केवळ आमचा तर्क नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 साली कायदा झाला. त्याखालील 2006 च्या नियमांत, पक्षकारांचा नातलग किंवा प्रकरणाशी संबंध असलेला मनुष्य समुपदेशक नेमू नये, सर्वांनी तसे लेखी मान्य केले तरच नेमावा, असे घातले आहे. कायद्याने जी दक्षता घेतली, ती आपण का घेऊ नये?

तेव्हा पहिल्याच भेटीत संकोच सोडून विचारावे, 'आमच्यापैकी कोण कोण आपल्या परिचयाचे आहे?' शिक्षण विचारण्यातही अपमान नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणविणाराची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते, क्रमांक मागावा. अर्थात नोंद असलेला प्रत्येक जण जोडप्यांचे काम शिकलेला असतो असे नाही.

आणखी एक प्रश्न आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच बहुधा राहून जातो. 'मी एकट्याने येऊन काही सांगितले, तर ते घरी कळेल काय?' नवऱ्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि बायकोस त्याचा पत्ता नाही, असे समजा. काही समुपदेशक असे गुपित पोटात ठेवतात. काही आरंभीच बजावतात, की दोघांपासून काही लपविले जाणार नाही. दोन्ही रीती चालतात, पण आपल्यापुढील माणसाची कोणती, हे तोंड उघडण्यापूर्वी ठाऊक हवे. गुप्ततेसही मर्यादा आहे. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविणे भागच असते.

मारहाण होत असेल तेथे मात्र हा सगळा विचार बदलतो. दोघांना शेजारी बसवून 'दोघांचेही थोडे चुकते' असे म्हणणाराकडे मुळीच जाऊ नये. तेथे ती जे बोलते, त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते. प्रथम तिच्या सुरक्षिततेची सोय, समेटाची भाषा मागाहून. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष काढला आणि पुढे असे कक्ष राज्यात इतरत्रही निघाले, ते याचसाठी.

गावात त्रयस्थ मिळतच नसेल, तर शेजारच्या तालुक्यास एस.टी.ने जावे. दूरध्वनीवरूनही आता सल्ला मिळतो. परंतु दोन खोल्यांच्या घरात, पडद्यापलीकडे सासूबाई तांदूळ निवडीत असता सून बोलणार काय? तिने माहेरी गेल्यावर, किंवा मैत्रिणीच्या घरी दार लावून बोलावे. आणि ती वेळ समुपदेशकाशी आधीच ठरवून घ्यावी.