कमी उंचीवरून येणारी विमाने आणि फिरती रडारयंत्रणा

(शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्यासाठी भरविण्यात आलेल्या नागरी संरक्षण अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



रडार हा विषय सैनिकांचा. तो शाळा आणि ग्रामपंचायत चालविणाऱ्यांपुढे कशासाठी मांडावयाचा, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर म्हणून प्रथम एक घटना सांगतो.

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यावर एक मालवाहू विमान नेहमीचा मार्ग सोडून खाली उतरले आणि त्याने हवाई छत्र्यांच्या साहाय्याने पेट्या खाली सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी शेताकडे निघालेल्या गावकऱ्यांना त्या पेट्या दिसल्या. त्यांत रायफली होत्या, काडतुसे होती. विमान तोपर्यंत केव्हाच निघून गेले होते. पुढे चार दिवसांनी, २१ डिसेंबरच्या रात्री, हेच विमान पुन्हा भारतावरून जात असता त्याला मुंबईच्या विमानतळावर उतरणे भाग पाडण्यात आले. या साऱ्या प्रकरणातील एक गोष्ट आपण ध्यानात ठेवावी : त्या शस्त्रांचा पुरावा प्रथम हाती आला तो शेतकऱ्यांच्या. आकाशाची राखण यंत्रे करतात हे खरे; परंतु त्या राखणीत जेथे फट राहते, तेथे गाव उभे असते.

ही फट का राहते आणि ती बुजविण्यासाठी फिरती रडारयंत्रणा कशी उपयोगी पडते, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

रडारची दृष्टी आणि पृथ्वीचा बाक

रडार म्हणजे रेडिओ लहरींचा प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र. डोंगराच्या कड्यासमोर हाक मारली की ती काही क्षणांनी परत येते आणि त्या वेळावरून कडा किती दूर आहे याचा अंदाज बांधता येतो. तत्त्व तेच, फरक वेगाचा. रेडिओ लहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. म्हणून एखादा प्रतिध्वनी सेकंदाच्या हजाराव्या भागात परत आला, तर ती वस्तू १५० किलोमीटरवर आहे असे समजावे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधील डॅव्हेंट्री येथे रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी विमानावरून परतणाऱ्या रेडिओ लहरी ओळखता येतात हे दाखवून दिले आणि त्यातून त्या देशाच्या किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी राहिली.

पण या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. समुद्रावरून येणाऱ्या गलबताची प्रथम डोलकाठी दिसते आणि मग खालचा भाग, हे कोकणातील मुलांनाही ठाऊक असते. विमानाचेही तसेच. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर अँटेना असेल, तर सपाट प्रदेशात तीन हजार मीटर उंचीवरून येणारे विमान सुमारे २४० किलोमीटरवरून दिसू शकते. तेच विमान शंभर मीटरवर उतरले, की ते साधारण ५४ किलोमीटरच्या आत आल्यावाचून दिसत नाही. पन्नास मीटरवर उतरले, तर ४२ किलोमीटरच्या आत. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान मिनिटास पंधरा किलोमीटर तोडते. म्हणजे उंचावरून येणाऱ्या शत्रूची चाहूल सोळा मिनिटे आधी लागते, तर खालून येणाऱ्याची तीन-साडेतीन मिनिटे आधी. रडार कितीही शक्तिमान केले तरी हा हिशेब बदलत नाही, कारण अडथळा यंत्राचा नसून पृथ्वीच्या बाकाचा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच ब्रिटिशांना हा अनुभव आला. त्यांच्या पहिल्या साखळीची तरंगलांबी बारा मीटरांच्या आसपास होती आणि खालून येणारी विमाने तिच्या नजरेतून निसटत. म्हणून दीड मीटर तरंगलांबीवर चालणारी, फिरत्या अँटेनाची दुसरी साखळी तिच्या जोडीला उभारण्यात आली. तिच्या भरीला हजारो स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन आकाशाकडे डोळे लावून बसत.

मिनिटांची किंमत

५ जून १९६७ च्या सकाळी इस्राएलची विमाने भूमध्य समुद्राच्या पाण्यालगत उडत इजिप्तच्या विमानतळांवर जाऊन धडकली. त्या एका दिवसात इजिप्तची सुमारे तीनशे विमाने नष्ट झाली आणि त्यांपैकी बहुतेक जमिनीवर उभी असतानाच. पुढच्या पाच दिवसांचे युद्ध त्या सकाळीच जवळजवळ ठरून गेले.

आपल्या देशाचा अनुभवही आपण विसरता कामा नये. १४ डिसेंबर १९७१ रोजी सहा सेबर विमाने श्रीनगरच्या विमानतळावर चालून आली. धावपट्टीवर बॉम्ब पडत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपले नॅट विमान आकाशात नेले, शत्रूशी झुंज दिली आणि वीरमरण पत्करले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. हवाई दलातील हा सन्मान मिळविणारे ते एकमेव होत. त्या शौर्यापुढे आपण नतमस्तक होतोच. परंतु मागे बसून विचार करणाऱ्याने हेही पाहिले पाहिजे, की पूर्वसूचनेची आणखी काही मिनिटे म्हणजे अशा वीरांच्या हाती दिलेले सर्वांत मोठे शस्त्र होय.

रडार फिरते का हवे?

अँटेना उंच जागी नेली तर क्षितिज दूर जाते, हे उघड आहे. भोवतालच्या सपाटीपासून तीनशे मीटर उंचीच्या डोंगरावर रडार बसविले, तर शंभर मीटरवरून येणारे विमान सुमारे ११० किलोमीटरवरून दिसू लागते. पण सह्याद्रीच्या कड्यावर उभे राहून पाहा : दूरचे कोकण दिसते, परंतु पायथ्याची दरी दिसत नाही. रडारचेही असेच होते. प्रत्येक डोंगर आपल्यामागे एक सावली टाकतो आणि कुशल वैमानिक अशा सावलीतूनच वाट काढतो.

आणखी वर जाऊन विमानातच रडार ठेवण्याचा उपाय आहे. नऊ हजार मीटर उंचीवरून सुमारे चारशे किलोमीटरपर्यंतचा भूप्रदेश नजरेच्या टप्प्यात येतो. भारतीय हवाई दलाकडे २००९ पासून अशी विमाने आहेत. परंतु ती अत्यंत महाग, संख्येने थोडी, आणि कोणतेही विमान चोवीस तास आकाशात राहू शकत नाही.

म्हणून तिसरा मार्ग : मोठ्या स्थिर केंद्रांच्या मध्ये राहिलेल्या फटींत लहान, वाहनावर बसविलेली रडारे ठेवणे. जोंधळ्याच्या मोठ्या शेतात राखणदार एकच माळा घालीत नाही. पाखरे ज्या कोपऱ्यातून उतरतात तेथे दुसरा माळा घालतो. पाखरांनी कोपरा बदलला की माळाही हलतो. फिरत्या रडारचे मर्म हेच आहे. एका वाहनावर अँटेना, दुसऱ्यात चालकांची खोली, सोबत वीज पुरविणारे जनित्र आणि संदेशवहनाची साधने, एवढा हा संसार असतो. जागेवर पोहोचताच वाहन टेकूंवर समपातळीत आणावयाचे, उत्तर दिशा निश्चित करावयाची, अँटेना उभारावयाची आणि काम सुरू करावयाचे. वेळ आली की तितक्याच त्वरेने ते आवरून निघावयाचे.

हलण्यामागे आणखी एक कारण आहे. रडार स्वतः लहरी सोडते, म्हणून अंधारात कंदील घेऊन उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्यासारखे तेही शत्रूला दिसते. त्या लहरींचा माग काढीत येणारी क्षेपणास्त्रे १९६० च्या दशकापासून वापरात आहेत. एके ठिकाणी ठाण मांडून बसलेले रडार हे सोपे लक्ष्य ठरते. अर्थात जे आपण हलवू शकतो ते शत्रूही हलवू शकतो. डिसेंबर १९६९ मध्ये इस्राएली सैनिकांनी इजिप्तचे एक फिरते रडार हेलिकॉप्टरांना टांगून आख्खे उचलून नेले ! तेव्हा रडारचे रक्षण हाही रडारयोजनेचाच भाग समजला जातो.

गोंगाटातून आवाज ओळखणे

क्षितिजाची अडचण सुटली तरी दुसरी उरते. शलाका जमिनीलगत फिरवली, की डोंगर, झाडे, इमारती अशा सर्वांचे प्रतिध्वनी एकदम परत येतात. बाजारच्या दिवशी गर्दीत एखाद्याची हाक ओळखावी तसे हे काम आहे.

येथे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेले तत्त्व कामी येते. फाट्यावर उभे असताना भोंगा वाजवीत येणारी एस. टी. गाडी जवळ येते तेव्हा त्याचा सूर चढा वाटतो आणि गाडी पुढे गेली की तो उतरतो. त्याचप्रमाणे स्थिर डोंगरावरून परतणाऱ्या लहरींची कंप्रता बदलत नाही, तर धावत्या विमानावरून परतणाऱ्या लहरींची बदलते. यंत्र न बदललेले प्रतिध्वनी गाळून टाकते आणि बदललेले तेवढे पडद्यावर दाखविते. अर्थात ही चाळणीही निर्दोष नाही. पवनचक्कीची पाती फिरत असल्याने ती चाळणीतून सुटतात आणि रडारला भूल पाडतात. उलट अगदी सावकाश जाणारे लहान ड्रोन पक्ष्यांत आणि हलत्या फांद्यांत मिसळून जाते.

भारतीय शास्त्रज्ञांनी या क्षेत्रात केलेले कार्य अभिमानास्पद आहे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेने कमी उंचीवरील लक्ष्ये टिपण्यासाठी 'इंद्र' हे फिरते रडार सिद्ध केले. 'इंडियन डॉप्लर रडार' या शब्दांवरून ते नाव पडले. त्याचे उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने केले. पुढील यंत्रांना नक्षत्रांची नावे देण्यात आली, ती आपल्या शेतकऱ्यांना परकी वाटणार नाहीत. 'रोहिणी' अवजड वाहनावर बसविलेले आहे. 'भरणी' आणि 'आश्लेषा' ही वजनाने हलकी असून डोंगराळ मुलुखात नेण्याजोगी आहेत. 'अश्विनी' या कमी उंचीवरील लक्ष्यांसाठीच्या वाहतूकक्षम रडारच्या खरेदीसाठी संरक्षण मंत्रालयाने १२ मार्च २०२५ रोजी २,९०६ कोटी रुपयांचा करार केला.

दिसणे आणि समजणे

यंत्राने दाखविले म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. २८ मे १९८७ रोजी पश्चिम जर्मनीचा एक अठरा वर्षांचा तरुण लहानसे विमान घेऊन हेलसिंकीहून निघाला आणि थेट मॉस्कोच्या लाल चौकापाशी उतरला. सोव्हिएत रडारांना तो दिसला होता. पण त्याला आपल्यातलाच समजण्यात आले. संरक्षणमंत्र्यांना पद सोडावे लागले. याच्या उलट चूक २७ फेब्रुवारी २०१९ रोजी आपल्याकडे बडगाम येथे घडली. परतणारे आपलेच हेलिकॉप्टर शत्रूचे समजून पाडले गेले. हवाई दलाचे सहा जवान आणि एक नागरिक प्राणास मुकले. हवाई दलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे पुढे जाहीरपणे मान्य केले. परका आपला वाटला आणि आपला परका वाटला : दोन्ही ठिकाणी यंत्राने वस्तू दाखविली होती, ओळख चुकली होती. म्हणूनच शांत डोक्याचा, सुशिक्षित माणूस आणि बिनचूक संदेश यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही.

आपले कर्तव्य

मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेवर पाकिस्तानकडून रात्रीच्या वेळी मोठ्या संख्येने ड्रोन पाठविण्यात आले, हे आपणां सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच महिन्याच्या ७ तारखेस देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली आणि महाराष्ट्रातील काही ठिकाणांचाही तीत समावेश होता. युक्रेनमध्ये २०२२ पासून सामान्य नागरिक आकाशात दिसलेल्या वस्तूची दिशा मोबाइल फोनवरून संरक्षणदलास कळवितात. दुर्बीण घेऊन बसणारा जुना स्वयंसेवक नव्या वेषात परत आला आहे.

आपल्याकडून अपेक्षा थोड्या आहेत; पण त्या पार पाडण्यास शिस्त लागते. आकाशात संशयास्पद काही दिसले, तर वेळ, दिशा, संख्या, अंदाजे उंची आणि आवाज एवढे टिपून पोलिसांना कळवावे. पाहिले तेवढेच सांगावे, तर्क जोडू नये. शेतात एखादी अनोळखी वस्तू पडलेली आढळली तर तिला हात न लावता लोकांना दूर ठेवावे. सैन्याची वाहने वा रडार गावाजवळ आले, तर त्यांचे छायाचित्र काढू नये आणि मोबाइलवरून पाठवू नये. एक छायाचित्र शत्रूला त्या रडारचा पत्ता देऊ शकते. भोंगा आणि दिवेबंदी यांचा अर्थ प्रत्येक घराला ठाऊक असावा, यासाठी ग्रामसभेत एकदा तरी हा विषय घ्यावा. शिक्षकांनी पृथ्वीचा गोल आणि एक दोरा घेऊन वर्गात क्षितिजाचा हिशेब मुलांना करून दाखवावा. जे मूल हा हिशेब समजेल, ते भोंगा वाजल्यावर 'अजून तर काही दिसत नाही' असे म्हणून अंगणात उभे राहणार नाही.

कारण तेव्हा आपल्या हाती तीन मिनिटे असतात. ती मिळवून देण्यासाठी कोणी तरी डोंगरमाथ्यावर, थंडीवाऱ्यात, रात्रभर पडद्यासमोर बसलेला असतो. ती वाया जाऊ न देणे, एवढे आपल्या हाती आहे.